रुपये हजारात

पुरवणी मागण्यांचं, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाचं, पुस्तक हातात आलं की मी आधी पानाचा वरचा कोपरा बघतो. तिथे बारीक अक्षरात ‘रुपये हजारात’ असं छापलेलं असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते नजरेतून सुटलं आणि दोन कोटींच्या कामाचं टिपण मी वीस हजारांचं म्हणून करून दिलं. अण्णा रागावले नाहीत. “सभागृहातसुद्धा असंच वाचतात रे,” एवढंच म्हणाले.

अण्णा म्हणजे मी ज्यांचा स्वीय सहायक आहे ते आमदार. पक्ष सांगत नाही. सांगितला तर निम्मे लोक इथेच थांबतील आणि उरलेले न वाचताच टाळ्या वाजवतील.

गोष्ट २०२५च्या पावसाळी अधिवेशनातली. मार्चमध्ये सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मंजूर झाला होता, आणि चार महिने होतात न होतात तोच ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. अण्णांना बोलायला सहा मिनिटं मिळणार होती. आदल्या रात्री आकाशवाणी आमदार निवासातल्या खोलीत मी पुस्तकं पसरून बसलो होतो. बाहेर धो धो पाऊस, खिडकीच्या फटीतून पाणी आत येऊ नये म्हणून लावलेला टॉवेल, आणि टेबलावर थंड झालेला चहा.

आकडे मी काढून ठेवले होते. वर्षअखेर राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अर्थसंकल्पातलाच अंदाज. नुसतं व्याज ६० हजार कोटींच्या वर. अण्णांनी त्या व्याजावर बोट ठेवलं. “यावर उद्या मतदान आहे का?”

नाही. कर्जाचं व्याज हा ‘भारित’ खर्च. त्यावर चर्चा करता येते, मतदान होत नाही. राज्यघटनेनेच तशी सोय केली आहे आणि ती योग्यही आहे, नाहीतर राज्याला कर्ज देणार कोण? पण याचा अर्थ असा की, ज्या दिवशी कर्ज काढलं त्याच दिवशी काय विचारायचं ते विचारून घ्यावं लागतं. पुढे दहा वर्षं हप्ता आपोआप वळता होत राहतो. घटनेच्या कलम २९३ने राज्याच्या कर्जाला आणि सरकार देतं त्या हमीलाही मर्यादा घालायचा अधिकार विधिमंडळाला दिला आहे. महामंडळ कर्ज काढतं, हमी सरकार देतं. अण्णांचा सगळा रोख या हमीवर होता.

भाषणाची सुरुवात मी ‘उधळपट्टी’ या शब्दाने केली होती. अण्णांनी तो खोडला, पुस्तक ओढून घेतलं आणि सार्वजनिक बांधकामच्या पानावर थांबले. तिथे आमच्या तालुक्यातला पूल होता. समोर आकडा २०,०००. म्हणजे दोन कोटी.

“हा कोणी मागितला?”

“तुम्हीच, अण्णा. पत्र फाइलला आहे.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी नरिमनांवरचं टिपण मागितलं. विधानभवनाच्या ग्रंथालयात बसून मी ते आठवड्यापूर्वी तयार केलं होतं, पण भाषणात बसवलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट कोण ऐकणार, असं मला वाटलेलं.

१९२०च्या सुमारास गव्हर्नर लॉइडच्या सरकारने कर्ज काढून दक्षिण मुंबईच्या बॅकबे उपसागरात भराव घालायला घेतला. योजना होती १,१४५ एकरांची. समुद्राच्या भिंतीतून गाळ गळत राहिला, खर्चाचे अंदाज कोलमडले, जेमतेम ४३९ एकर जमीन वर आली. खुर्शेद नरिमन तेव्हाच्या मुंबई कौन्सिलचे सदस्य होते. त्यांनी हा कारभार उघड्यावर आणला. हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. आमचं विधानभवन ज्या नरिमन पॉइंटवर उभं आहे, ते नाव त्यांचंच. रोज तिथे उतरणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. मलाही नव्हतं.

टिपण वाचून अण्णा म्हणाले, “याच खात्याने बीडीडी चाळी बांधल्या ना?” बांधल्या. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, भराव घालणारं तेच खातं. अण्णांचे वडील गिरणी कामगार. डिलाईल रोडच्या बीडीडीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत अकराजणांबरोबर राहायचे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत अण्णा तिथे तेरावे. घरांच्या योजनेसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला होता, हे मी सांगितलं. तीही योजना काही धड पार पडली नाही. ठरवल्या होत्या ५० हजार खोल्या, झाल्या साधारण तिसरा हिस्सा, आणि त्यातल्याही कित्येक सुरुवातीला रिकाम्या पडून होत्या.

“पण पैसा कुठून येणार ते सांगितलं होतं,” अण्णा म्हणाले. “गाठीमागे रुपया. हे लिही.”

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या टीव्हीवर बघत होतो. सभागृहात जेमतेम तीसेक सदस्य. अण्णांनी बॅकबे दीड मिनिटात उरकलं, हमीचा प्रश्न विचारला: कोणत्या महामंडळाची किती हमी, आणि ते बुडालं तर खर्चाच्या कोणत्या हेडमधून भरणार? इथवर सगळं आमच्या कागदावरचं. मग त्यांनी चष्मा काढला.

“अध्यक्ष महोदय, या पुस्तकात माझ्याही तालुक्यातला एक पूल आहे. मीच मागितला. पूल हवाच आहे. पण त्याचे पैसे कशातून फिटणार हे मागताना मी विचारलं नव्हतं. आज विचारतो.”

अध्यक्षांच्या जागी बसलेल्या तालिका अध्यक्षांनी बेल वाजवली. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. उत्तरात मंत्री म्हणाले की, सन्माननीय सदस्यांच्या सूचनांची नोंद घेतली आहे. संध्याकाळी मागण्या आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. अण्णांनीही ‘होय’ म्हटलं.

रात्री आठपर्यंत वीस सेकंदांची क्लिप तालुकाभर फिरली. मथळा होता, ‘आमदारच म्हणतात, पूल कशाला?’ ‘पूल हवाच आहे’ हे वाक्य अर्थातच कापलेलं. फोन मीच घेत होतो. तेराव्या की चौदाव्या फोनला गावचे सरपंच होते. अण्णांनी फोन मागून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

“पूल होणार, सरपंच. दहा वर्षांचं कर्ज धरलं तर २०३५पर्यंत फेडायचाय. तेवढं ग्रामसभेत सांगा.”

“तोवर तुम्ही आमदार असाल का अण्णा?”

“बहुतेक नाही. तुम्ही सरपंच?”

पलीकडे शांतता. मग सरपंच म्हणाले, “इकडे पाऊस लई आहे, आवाज येत नाही,” आणि फोन ठेवला.