पंप बिचारा निर्दोष निघाला

सोमवारी सकाळी स्पिन कोटर, म्हणजे काच गरगर फिरवून तिच्यावर द्रवाचा पातळ थर पसरवणारं मशीन, फिरायलाच तयार नव्हता. चकवर, म्हणजे हवा ओढून काच धरून ठेवणाऱ्या फिरत्या बैठकीवर, 15 मिलिमीटरची काच ठेवून बटण दाबलं की स्क्रीनवर 'व्हॅक्यूम कमी'. गेजचा काटा उणे 25 किलोपास्कलवर अडकलेला. एरवी उणे 75 पर्यंत जातो. एक सहकारी म्हणाला, सेटिंगमध्ये मर्यादा खाली आणून चालव. मी हिशेब मांडला. चकवर 10 मिलिमीटर व्यासाएवढीच जागा काच ओढून धरते. उणे 75 ला ती पकड जवळपास 6 न्यूटन, उणे 25 ला जेमतेम 2. नको रे बाबा.

मग व्हॅक्यूम तयार करणाऱ्या पंपावर खापर फोडलं. सगळेच फोडतात, आवाज तोच करतो ना! नव्या पंपाचा अर्ज लिहायलाही बसले. पण मशीनमागची नळी काढून तिला वेगळं गेज लावलं, तर उणे 82. पंप ठणठणीत.

नळी परत जोडली. काचेच्या पाठीवर आधीचा रेझिस्ट (काचेवर पसरवायचा तो द्रव) सुकला असेल तरी हवा शिरते, म्हणून काचेऐवजी कोरा सिलिकॉन वेफर ठेवला. तरी 25. शेवटी चक उचलला आणि तो ज्यावर बसतो त्या पोकळ शाफ्टच्या भोकावर ग्लोव्ह घातलेला अंगठा दाबला. काटा सरसर 78 वर! म्हणजे गळती चक आणि शाफ्टच्या मधे. तिथे असते एक ओ-रिंग, हवा अडवणारं रबरी कडं.

ती फुगून खाचेबाहेर आली होती, एका जागी चिरलेलीही. पाप आमचंच. रेझिस्ट सांडला की चकवर बाटलीनेच ॲसिटोन ओतायचं, आणि व्हायटॉन या रबराची रिंग ॲसिटोनमध्ये फुगते. नवी घातली, काटा 76 वर. आता आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला वाइप, बस्स.

याच्या उलटा प्रकार जास्त फसवा. मागे एकदा गेज झकास दाखवत होतं आणि काच 3000 आरपीएमला उडून बाउलवर फुटली. चकचं भोक सुकलेल्या रेझिस्टने बुजलं होतं. व्हॅक्यूम नळीत होता, काचेखाली नव्हताच. तेव्हापासून मी दिवसाची सुरुवात रिकाम्या चकवर व्हॅक्यूम चालू करून करते. भोक मोकळं असेल तर हवा आत येते, म्हणून काटा खालीच राहायला हवा. तो ऐटीत 75 दाखवू लागला की चक काढायचा आणि भोक खालच्या बाजूने साफ करायचं. वरून तार घातली तर खपली शाफ्टमध्ये जाते, आणि मग अख्खं मशीन उघडावं लागतं.