उणे २९ मध्ये गाडीचा हीटर बंद: नवा घेऊ नका, आधी त्याचं कुलूप काढा

उत्तर स्वीडनमधल्या गॅलिव्हारेच्या गॅरेजात मला सांगितलं की हीटर संपला, नवा बसवावा लागेल, २४ हजार क्रोनर. वर नुसतं कॉम्प्युटर लावून बघण्याचे १२०० घेतले. हीटर धडधाकट होता. त्याने स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं आणि ते उघडायची, लॅपटॉप गाडीला जोडणारी केबल माझ्याच बॅगेत होती. त्या १२०० क्रोनरचा राग अजून गेलेला नाही.

गाडी २०११ ची फोक्सवॅगनची डिझेल व्हॅन, टी५. स्टुटगार्टहून ट्रावेम्युंडे, तिथून बोटीने ट्रेलेबोर्ग, मग ई४ महामार्ग धरून उत्तरेकडे. तीन दिवस काहीच त्रास नाही. चौथ्या दिवशी ई१० वर ओव्हरकालिक्स सोडलं आणि काचेवर आतून बर्फ धरायला लागला. आजची डिझेल इंजिनं उष्णता फार वाया घालवत नाहीत, म्हणूनच कंपनी खाली डिझेलवर जळणारा वेगळा हीटर बसवते. तो नसेल तर उणे २९ मध्ये इंजिनचं पाणी नीट तापत नाही. दोन तास बायको एटीएम कार्डाने आतून काच खरवडत होती, मुलं नाशिकच्या गोधडीत गुंडाळलेली, दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. असा रस्ता मी पुन्हा चालवणार नाही. सकाळी गाडीखालून हीटरला डिझेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाची टकटक ऐकू आली नाही तर गावातच थांबा.

रात्री हॉटेलच्या पार्किंगमध्ये लॅपटॉप जोडला. व्हीसीडीएसमध्ये, म्हणजे फोक्सवॅगनच्या गाड्या तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हीटरचं मॉड्यूल (त्याचा कंट्रोल युनिट) १८ नंबरला असतं. दोन फॉल्ट होते: हीटर लॉक, आणि पुरवठ्याचा व्होल्टेज कमी. गॅरेजच्या कागदावर फक्त पहिला छापला होता. सगळी मेख दुसऱ्यात होती. मोजमापांच्या पानावर व्होल्टेज उघडून हीटर सुरू करायला लावला, तर ग्लो पिन, म्हणजे डिझेल पेटवणारी काडी, तापायला लागताच १२.१ वरून थेट १०.२. बॅटरी म्हातारी झालेली. दर वेळी पेट घ्यायच्या आधीच वीज कमी पडायची, आणि असे प्रयत्न सलग फसले की मॉड्यूल हीटर बंद करून टाकतं. मग बॅटरी बदलली तरी तो आपणहून सुरू होत नाही, फॉल्ट पुसावाच लागतो.

पुसण्याआधी फॉल्टची यादी सेव्ह करा. कोडिंगला, म्हणजे मॉड्यूलच्या सेटिंगला, हात लावू नका. या दुखण्याचा त्याच्याशी संबंध नाही. पंपाची चाचणी एकदाच करा. तो पुन्हा पुन्हा चालवला तर जळायच्या जागी डिझेल साचतं. माझं थोडं साचलंच होतं. इंजिन चालू ठेवून, म्हणजे अल्टरनेटरचे १४ व्होल्ट मिळत असताना, फॉल्ट पुसला. मिनिटभर पांढरा धूर आला आणि मग ती टकटक! पंधरा मिनिटांत पायाशी गरम हवा. मी त्या पार्किंगमध्ये एकटाच मोठ्याने ओरडलो.

मात्र हे उघड्यावरच करा, आणि हीटरच्या धुराच्या नळीभोवतीचा बर्फ आधी उकरा. तो धूर गाडीत शिरला तर जीव जाईल.

किरुणात नवी बॅटरी घेतली, दोन हजार क्रोनर. ती जर्मनीतच घ्यायला हवी होती. गाडी पाच वर्षांहून जुन्या बॅटरीवर असेल तर निघण्याआधी बदला, यावर चर्चा नको. उत्तरेकडे पार्किंगमध्ये इंजिन गरम ठेवण्यासाठी खांबांवर प्लग असतात. चार्जर आणि लांब वायर नेली तर तिथे बॅटरी भरता येते. जर्मनीचं हिवाळी डिझेल उणे २० पर्यंतचं असतं, तेव्हा ती टाकी स्वीडनच्या किनाऱ्यालगतच संपवा आणि तिकडचं डिझेल भरा. लॅपटॉप जॅकेटच्या आत ठेवा, सीटवर राहिला तर थंडीने त्याची बॅटरी आधी जाईल.

आणि गॅरेजात गेलातच, तर फॉल्टची पूर्ण यादी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.