आत्या येतेय आणि तिने अर्धं जग बघितलंय

माझी मोठी आत्या पुढच्या महिन्यात आमच्याकडे येतेय. शुक्रवारी रात्री विमान उतरणार, सोमवारी सकाळी पुढे जाणार, म्हणजे हातात शनिवार-रविवार एवढंच, आणि तिला शहर दाखवायचं काम माझ्याकडे आलंय. मला मनापासून आनंद झालाय, कारण आत्या ही आमच्या घरातली पहिली बाई जी पासपोर्ट काढून एकटी फिरली. पण तिला दाखवायचं काय हा खरा प्रश्न आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनांचा पाऊस चालू आहे, टॉवरवर ने, म्युझियम दाखव, राजवाडा दाखव, बोटीतून फिरव. पहिल्यांदा परदेशी आलेल्या माणसाला मी हेच सगळं दाखवलं असतं आणि तो खूशही झाला असता. पण आत्या बुर्ज खलिफावर जाऊन आलीय, ८२८ मीटरच्या इमारतीवरून खाली बघितलेल्या बाईला आमच्या टॉवरचं काय कौतुक वाटणार, आणि कौतुक वाटलंच तर ते माझं मन राखायला असेल, जे मला नकोय.

म्हणून मी आधी तिलाच फोन केला. "तुला काय बघायचंय?" असं विचारलं तर ती नेहमीसारखं म्हणाली, "कुठेही ने गं, मला सगळं चालतं." अशा उत्तराने प्लॅनिंग होत नाही. मग मी प्रश्न बदलला, म्हटलं आत्या, इस्तंबूलचं तुला आता काय आठवतं? मला वाटलं हागिया सोफिया म्हणेल, ती तिथली प्रसिद्ध जुनी वास्तू. तर तिने सांगितलं ते एमिनोन्यूहून कादिकॉयला जाणाऱ्या फेरीबोटीबद्दल. युरोपच्या किनाऱ्यावरून आशियाच्या किनाऱ्यावर, जेमतेम वीसेक मिनिटांचा प्रवास, संध्याकाळची वेळ, ऑफिस सुटलेली माणसं दमून बाकांवर बसलेली आणि बोटीच्या मागे सीगल पक्षी पाव पकडायला उडतायत. आणि मॉस्को? मॉस्कोचं तिला आठवत होतं ते मेट्रोतल्या अनाउन्समेंटचं! तिकडे म्हणे शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो आणि मध्यापासून बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा, आणि जी गोल फिरणारी लाइन आहे तिच्यावर घड्याळाच्या दिशेने पुरुष आणि उलट दिशेने बाई. तिला भाषा येत नव्हती पण आवाजावरून कळायचं की आपण चुकीच्या गाडीत बसलो. हे सांगताना ती इतकी रंगली की फोन ठेवायला तयार नव्हती.

तो फोन झाल्यावर मी आधीची यादी बाजूला ठेवली. मला असं वाटतं की ज्याने कमी प्रवास केलाय त्याला त्या शहरात जे एकमेव आहे ते दाखवावं, आणि ज्याने खूप प्रवास केलाय त्याला जे प्रत्येक शहरात असतं ते. बस, मेट्रो, पहाटेचा बाजार, लायब्ररी, जुनी दफनभूमी, नदी असेल तर फेरीबोट. कारण आत्याकडे तुलना करायला वीस-पंचवीस शहरं आहेत, आपल्याला जी बस रोजची वाटते त्या बसमध्ये तिला दहा गोष्टी दिसतात, लोक रांग लावतात का, म्हाताऱ्या माणसाला जागा देतात का, ड्रायव्हर पळत येणाऱ्यासाठी थांबतो का. राजवाड्यात तिला हे काहीच करता येत नाही, तिथे ती फक्त प्रेक्षक.

तर शनिवारचा मुख्य कार्यक्रम म्हणजे बसचा एक आख्खा रूट, पहिल्या स्टॉपपासून शेवटच्या स्टॉपपर्यंत. टूरिस्ट बस नाही, साधी, ज्यातून लोक कामाला जातात ती. हे ऐकून घरात सगळे माझ्याकडे बघत राहिले पण मी ठाम आहे. टोकियोत यामानोते नावाची लोकल लाइन शहराभोवती गोल फिरते, ३४.५ किलोमीटर, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास लागतो, आणि त्या एका तासात ऑफिसांचा भाग, कॉलेजची पोरं, जुनी घरं, मोठमोठी दुकानं सगळं खिडकीतून सरकत जातं. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरीबोट १९९७ पासून फुकट आहे, २५ मिनिटं लागतात आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा वाटेत दिसतो, तिथले लोक मात्र पेपर वाचत बसलेले असतात. प्रत्येक शहरात असा एखादा रूट असतोच, शोधावा लागतो. मी नकाशा उघडून असा रूट निवडला जो जुन्या भागातून निघतो, श्रीमंत वस्तीतून जातो, मग कामगारांच्या वस्तीतून, आणि शेवटी जिथे शहर संपतं तिथे थांबतो. वेळ शनिवारी साडेदहाच्या पुढची, तेव्हा गर्दी नसते आणि बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळते. एक गोष्ट मात्र नक्की बघून ठेवा, शेवटच्या स्टॉपला टॉयलेट आहे का. आणि परत येताना त्याच बसने येऊ नका, मेट्रो किंवा ट्रेन धरा, म्हणजे जाताना जे तासभर बघितलं ते येताना वीस मिनिटांत पार होतं आणि शहर केवढं आहे याचा अंदाज येतो.

सकाळचा बाजार मी आधी रविवारी ठेवला होता पण तो शनिवारी पहाटेवर आणला, जेटलॅगमुळे. आत्या पूर्वेकडून पश्चिमेला येतेय, म्हणजे पहिल्या दिवशी ती पहाटे तीन-चारलाच टक्क जागी असणार आणि रात्री आठला डोळे मिटायला लागणार. आपल्या शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा थोडंसं लांब चालतं, त्यामुळे दिवस लांबवणं सोपं जातं आणि आखडणं अवघड, म्हणून पश्चिमेला जाताना त्रास कमी होतो आणि पूर्वेला जाताना जास्त. तरी शरीर दिवसाला साधारण एक तासच जुळवून घेतं, त्यामुळे दोन दिवसांच्या मुक्कामात ती पूर्ण जुळणार नाहीच, मग तिच्या घड्याळाशी भांडायचं कशाला. पहाटे जागी आहेच तर घाऊक बाजारात जाऊ. तुमचा पाहुणा उलट दिशेने येत असेल तर हा पूर्ण कार्यक्रम फिरवा, सकाळी त्याला झोपू द्या आणि रात्रीचं शहर दाखवा. आणि संध्याकाळी पाहुण्याला पेंग येते तेव्हा घरात सोफ्यावर बसवू नका, उजेड असेपर्यंत बाहेर ठेवा, पश्चिमेला आलेल्या माणसाला संध्याकाळच्या उजेडाने घड्याळ मागे सरकवायला मदत होते.

बाजाराबद्दल आत्याकडे मोठा साठा आहे. हॉलंडमध्ये आल्समीरला फुलांचा लिलाव तिने बघितलाय, तिथे भाव चढत नाही, उतरतो, घड्याळासारखी तबकडी असते, आकडा वरून खाली येतो आणि जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल. जरा थांबलं तर स्वस्त मिळेल आणि जास्त थांबलं तर दुसरा घेऊन जाईल. टोकियोतला टूना माशाचा लिलाव २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला हलवला, आता तो वरच्या गॅलरीतून बघता येतो, तोही तिने भल्या पहाटे जाऊन बघितलाय. आमच्या बाजारात यातलं काही नाही, पण ती हमालांच्या गाड्या बघेल, माल कुठून आला ते विचारेल, कोण कुठल्या भाषेत ओरडतंय ते ऐकेल आणि अर्ध्या तासात तिला या शहरात कोण कोण राहतं हे माझ्यापेक्षा जास्त कळलेलं असेल.

लायब्ररी छोटा स्टॉप आहे, बसून पायांना आराम द्यायला आणि फोनच्या चार्जिंगला. हल्ली लायब्रऱ्या बघण्यासारख्या झाल्यात, हेलसिंकीची ऊडी लायब्ररी २०१८ च्या डिसेंबरात उघडली आणि तिथे शिलाई मशीन आणि थ्रीडी प्रिंटरसुद्धा लोकांना वापरायला ठेवलेत. आमच्याकडची साधी आहे, पण पेपर वाचायला येणारे आजोबा तिथेही आहेत आणि इथेही.

दफनभूमीवरून मात्र आईशी बोलणं झालं. "पाहुणीला कोणी असल्या ठिकाणी नेतं का," असं ती म्हणाली, आणि तिचं बरोबर आहे, प्रत्येक आत्याला हे चालणार नाही, आधी विचारायलाच हवं. आमची आत्या व्हिएन्नाला ७१ नंबरच्या ट्रामने मुद्दाम तिथल्या सेंट्रल दफनभूमीत गेली होती, बेथोव्हेन आणि शूबर्ट या संगीतकारांच्या कबरी तिथे आहेत, आणि ती जागा इतकी मोठी की आत बस फिरते. तिचं म्हणणं असं की शहराचा इतिहास दगडांवर वाचायला मिळतो. कुठल्या काळात कुठल्या देशातून लोक आले ते नावांवरून आणि लिपीवरून कळतं, आणि १९१८ साल असलेले दगड बरेच दिसायला लागले की समजायचं इन्फ्लुएंझाची साथ इथेही येऊन गेली. शिवाय झाडं, शांतता, बसायला बाक. रविवारी सकाळी तासभर.

एक मोठं ठिकाण तरीही ठेवलंय, म्युझियम, कारण तिला चित्रं आवडतात. पण फक्त दीड तास आणि एकच विभाग. म्युझियममध्ये पाय आणि डोकं दोन्ही दमतात हे काही आजचं नाही, बोस्टनच्या म्युझियममधल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये यावर लेख लिहिला होता, त्यात कपाटातल्या वस्तू बघायला माणसाला किती वाकावं लागतं त्याचे फोटो छापले होते. शंभर वर्षं झाली तरी आपण पाहुण्यांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच म्युझियममध्ये फिरवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक खोली नीट बघा, बसून बघा, बाहेर या.

आणि सुट्टीचा वार! प्लॅन करताना सगळ्यात आधी हे बघा. बरीचशी म्युझियम सोमवारी बंद असतात, पॅरिसचं ऑर्से सोमवारी बंद पण लूव्र मंगळवारी बंद, ताजमहाल शुक्रवारी बंद, व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद पण महिन्याचा शेवटचा रविवार उघडी. वीकेंडच्या माणसाला रविवारची सुट्टी चांगलीच महागात पडते. बुकिंगचंही तसंच, अॅमस्टरडॅमला अॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची उघडतात, म्हणजे पाहुणा विमानात बसल्यावर शोधायला गेलं तर काही उपयोग नाही. मी आमच्या म्युझियमचा स्लॉट शनिवारी दुपारचा घेतलाय, बसची फेरी झाल्यावर, कारण दुपारी ऊन असो की पाऊस असो आत काही फरक पडत नाही.

उंचावरून शहर बघायचं ठिकाण मी पूर्ण रद्द नाही केलं, पण जागा बदलली. लोक शेवटच्या दिवशी शेवटचा कार्यक्रम म्हणून टॉवरवर नेतात, मला ते उलटं वाटतं. पहिल्याच दिवशी, बाजारातून परत येताना, जवळच्या टेकडीवर दहा मिनिटं थांबायचं, नदी कुठून कुठे जाते, स्टेशन कुठे, आपलं घर कुठल्या बाजूला हे एकदा बोट दाखवून सांगायचं, मग पुढचे दोन दिवस तिला दिशा कळत राहते आणि दर वेळी "आपण आता कुठे आहोत?" विचारावं लागत नाही. तिकीट काढून लिफ्टने वर जायची गरजच नाही.

आता गुडघे. आत्या सत्तरीच्या पुढे आहे आणि कितीही फिरलेली असली तरी जिने चढताना रेलिंग धरते, हे मी मागच्या वेळी लग्नात बघितलं. तिला विचारलं तर म्हणेल मला काही होत नाही. म्हणून मी विचारत नाही, मॅपवर पंधरा मिनिटं चालायला दाखवत असेल तर पंचवीस धरते, आणि प्रत्येक ठिकाणी जिने किती, लिफ्ट चालू आहे का, बसायला जागा कुठे हे स्वतः जाऊन बघून येणार आहे. मेट्रोच्या ज्या स्टेशनला लिफ्ट नाही ते टाळून पुढच्या स्टेशनला उतरायचं ठरवलंय. तिच्या गोळ्यांच्या वेळाही विचारून घेतल्या, जेवणानंतरची गोळी असेल तर जेवण दोनला ढकलून चालत नाही.

बाकी पैशांवरून ती भांडणार हे ठरलेलंच, म्हणून बसचे पास आणि म्युझियमचं तिकीट आधीच काढून ठेवते. मुलांना सगळीकडे न्यायचं नाही, फक्त बसच्या फेरीला न्यायचं, वरच्या मजल्यावर आजीशेजारी बसून मॉस्कोच्या आवाजांची गोष्ट ऐकतील.

रविवारी दुपारनंतर मी काहीच लिहिलेलं नाही. तिला एखादं ठिकाण पुन्हा बघावंसं वाटलं तर तिथे जाऊ, घरी बसून आईशी गप्पा मारायच्या असतील तर तसं करू, त्या दोघी नणंदा-भावजया किती दिवसांनी भेटतायत. मुख्य म्हणजे शनिवारी रात्री मी तिला विचारणार आहे की आज तुला काय दिसलं जे मला दिसलं नाही, आणि तिच्या उत्तरावरून रविवारची संध्याकाळ ठरवू. सोमवारची टॅक्सी सकाळी सहाची बुक केलीय, तेव्हा ती जागी असेलच.