दादाला ओरडतेस, मला नाही

मंगळवार, रात्री साडेअकरा

चिऊचं ते वाक्य संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

स्कॉलरशिपचा निकाल लागला. पहिल्या पेपरात ८८, दुसऱ्यात ५२. प्रत्येक पेपरात १५० पैकी ६० तरी हवेत. आठ गुण, म्हणजे चार प्रश्नांनी गेलं. बुद्धिमत्तेत आरशातल्या प्रतिमांवर अडून बसली. मी तिला जवळ घेतलं, "असू दे गं राणी, वाईट नको वाटून घेऊस" म्हटलं, शिरा केला. माझ्या वेळी आप्पांनी तीन दिवस अबोला धरला होता. तसं आपण काही केलं नाही, एवढं समाधान होतं.

तर बशीतला शिरा चिवडत ती म्हणाली, "दादाला गणितात कमी पडले की ओरडतेस. त्याला येतं म्हणून. मला नाही ओरडलीस."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

हे मी डी.एड.ला शिकलेय. बर्नार्ड वायनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं. गोष्टीतल्या नापास मुलावर बाई रागावल्या असं सांगितलं, तर ऐकणारी मुलं म्हणतात, त्याने अभ्यास केला नसणार. बाईंना त्याची कीव आली असं सांगितलं, तर म्हणतात, त्याला ते जमतच नसणार. १९८२ चा अभ्यास. रागाचा अर्थ पाच वर्षांच्या मुलांनाही लागतो, कीव कळायला थोडं मोठं व्हावं लागतं. चिऊ दहाची आहे. तिला कळली.

पण मला कीव आली होती का? माया होती ती. निकाल बघताना पोटात कालवलं, ते कसलं होतं मग? तिच्या जन्माच्या वेळचं सगळं... जाऊ दे. तेव्हापासून तिला जपायचीच सवय लागली, हे मात्र खरं. आणि वर्गात? मागच्या बाकावरच्या किती जणांना "राहू दे, जमेल तेवढं कर" म्हटलंय मी, प्रेमाने. त्यांनी काय ऐकलं असेल?

एवढं करून माझ्याच पदरी हे, असं वाटून मघाशी ओट्याशी उभी राहून रडले. मग वाटलं, पोरीने तोंडावर सांगितलं तरी. मी आप्पांना कुठे काही सांगू शकले होते?

म्हणून ओरडायचं का? तेही नाही.

झोपताना तिची प्रश्नपत्रिका उघडली. शेवटच्या नऊ प्रश्नांवर एकही खूण नाही. "हे काय गं! वाचलेसुद्धा नाहीस? यातले पाच-सहा तर तुला सहज येतात. एकावर अडून का बसलीस?"

"रागावलीस?"

"हो."

खरंच आला होता राग.

ती उठून बसली. म्हणाली, "कुठले सहा?"