लँकेस्टरला टी-३४ घेऊन जाताना: रणगाड्यांच्या फौजेचा हिशेब

हिस्टॉरिकॉन म्हणजे ऐतिहासिक युद्धखेळांचं अमेरिकेतलं जुलैमधलं मोठं संमेलन. भरवते एचएमजीएस ही संस्था. मधल्या काळात ते व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गलाही झालं आहे, त्यामुळे हॉटेलचे पैसे भरण्याआधी त्या वर्षीचं ठिकाण तपासा. हा वृत्तांत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटी कन्व्हेन्शन सेंटरचा आहे, आणि खेळ फ्लेम्स ऑफ वॉर, म्हणजे छोट्या मॉडेल्सनी आणि फाशांनी टेबलावर खेळायचं दुसरं महायुद्ध; चौथी आवृत्ती, लेट वॉर (युद्धाचा शेवटचा काळ). संमेलनाचा प्रवेश-बॅज घेतला म्हणजे स्पर्धेत जागा मिळाली असं समजू नका. स्पर्धेची नोंदणी वेगळी बघा आणि तिचं पत्रक नीट वाचा: किती गुणांची फौज (प्रत्येक युनिट, म्हणजे तुकडी, ठरलेल्या गुणांना पडते), यादी कधीपर्यंत पाठवायची, रंगवलेलीच मॉडेल्स हवीत का, दुसऱ्या कंपनीची किंवा थ्रीडी प्रिंट केलेली चालतात का.

एडिसनच्या बाजूला राहणाऱ्यांना गाडीने दोन-सव्वादोन तास पुरतात. आगगाडीने यायचं तर अ‍ॅमट्रॅकची कीस्टोन न्यूयॉर्क, नेवार्क, फिलाडेल्फिया करत लँकेस्टरला येते. स्टेशनपासून सेंटर साधारण मैलभर आहे. रणगाड्यांची पेटी घेऊन जुलैच्या उन्हात हे अंतर चालू नका, टॅक्सी करा. मॅरियट हॉटेल सेंटरला जोडूनच आहे, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधे खोलीवर जाऊन येता येतं. ही सोय महाग वाटली तरी दिवसाला तीन फेऱ्या असतील तर पैसे वसूल होतात.

फौज सोव्हिएत, टी-३४/८५ रणगाड्यांची. निवडण्यामागचं कारण सरळ आहे. वाघ-चित्ते (टायगर आणि पँथर रणगाडे) घेऊन येणारे जर्मन खेळाडू प्रत्येक स्पर्धेत भेटतात, आणि त्यांच्यासमोर काय चालतं हे या रणगाड्याच्या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

हे आकडे घरून पाठ करून जा. टी-३४/८५ च्या तोफेचं अँटीटँक (चिलखत भेदण्याची ताकद) १२, फायरपॉवर (भेदल्यावर नाश करण्याची ताकद) ३+, म्हणजे फाशावर ३ किंवा जास्त. पँथरचं पुढचं चिलखत ९, बाजूचं ५. समोरचा फासा टाकतो, त्यात चिलखत मिळवतो आणि बेरीज १२ च्या वर गेली तर गोळा घसरतो. १६ इंचांच्या आत पुढून मारलं तर त्याला ४+ लागतं. ३ पडला तर बरोबरी, म्हणजे फायरपॉवर लागू पडला तरी फार तर बेल आउट, म्हणजे आतली माणसं तात्पुरती बाहेर. १ किंवा २ पडला तरच भेद होतो, आणि भेद झाल्यावरही रणगाडा मरायला फायरपॉवरचा ३+ हवाच, नाहीतर तो नुसता बेल आउट. बाजूने मात्र ५ अधिक ६ म्हणजे ११. त्याला कुठलाच फासा वाचवत नाही.

आता नऊ टी-३४ धरा. हलत मारलं तर एकेक फासा, म्हणजे नऊ. पँथरला लागायला जवळून ४+, म्हणजे साडेचार फटके. पुढून त्यांतला तिसरा हिस्सा भेदतो, त्यातले दोन-तृतीयांश मारतात: सरासरी एक पँथर. तेच फटके बाजूने बसले तर तीन. आणि जे खेळाडू १६ इंचांबाहेर थांबून दुप्पट फासे टाकायच्या मोहात पडतात त्यांचं काय होतं? अठरा फासे, लागायला ५+, म्हणजे सहा फटके. लांबून पँथरच्या चिलखताला १ जास्त, त्यामुळे भेद फक्त १ पडल्यावर. सरासरी एक पँथरसुद्धा नाही, दोन-तृतीयांश. थांबून अठरा फाशांपेक्षा हलत बाजूने टाकलेले नऊ फासे चौपटीहून भारी पडतात. कागदावरचे तीन टेबलावर कधी दोन होतात, कारण फटके समोरच्याच्या रणगाड्यांत वाटले जातात आणि एखाद्यावर दोन-दोन वाया जातात. तरी दिशा बदलत नाही.

उलट बाजूचा हिशेब कडू आहे. पँथरचं अँटीटँक १४, टी-३४ चं पुढचं चिलखत ६. लांबून ७ धरलं तरी ६ पडून १३ च होतात. म्हणजे लागला की भेदलाच. वाचायचं तर लागूच द्यायचं नाही. टी-३४/८५ ला जवळून ३+ वर गोळा लागतो, लांबून ४+, लांबून आणि आडोशाला असेल तर ५+. थांबलेला एक पँथर दोन फाशांत जवळून सरासरी ०.९ रणगाडे मारतो, लांबून आडोशातले साधारण ०.४५. म्हणून पहिल्या दोन चालींत झाडी, भिंती, उंच पिकं यांच्या मागून या आणि तिसऱ्या चालीला एकदम दोन दिशांनी बाहेर पडा. एकेक कंपनी, म्हणजे रणगाड्यांची तुकडी, सोडली तर पँथरला रोज एक नाश्ता मिळतो.

बाजू म्हणजे नेमकी कुठली, यावर टेबलावर सगळ्यात जास्त वाद होतात. लक्ष्याच्या हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) पुढच्या कडेवरून आडवी रेषा ओढायची. मारणारा त्या रेषेच्या पुढे असेल तर पुढचं चिलखत, मागे असेल तर बाजूचं. टरेट (वरचा फिरता मनोरा) कुठे वळलाय याला काही अर्थ नाही. लेझर रेषा टाकणारं साधं उपकरण बरोबर ठेवा. टेप धरून डोळ्याने ठरवण्यात प्रत्येक वेळी दोन मिनिटं जातात. एक कंपनी समोर ठेवायची, दुसरी कडेने न्यायची. समोरचा दुसऱ्या कंपनीकडे तोंड फिरवतो तेव्हा पहिलीला त्याची बाजू मिळते. तोंड फिरवलं नाही तर दुसरीला मिळते. स्वतःची चाल संपवण्याआधी वाकून शत्रूच्या तोफांच्या उंचीवरून आपले रणगाडे बघा. कोपऱ्यातला एखादा तिरका उभा असतो आणि फुकट बाजू दाखवत असतो.

आता खरी गोम. रणगाड्यांची फौज बहुतेक वेळा टेबलावर हरत नाही, बॅटल प्लॅनची चिठ्ठी निवडताना हरते. अटॅक, मॅन्यूव्हर, डिफेन्ड यांपैकी एक दोघं गुपचूप निवडतात, त्यावर मिशन, म्हणजे त्या डावाची मांडणी आणि कोण बचाव करणार ते, ठरतं. डिफेन्डच्या मोहात पडू नका. बचावाच्या बऱ्याच मिशनमध्ये डीप रिझर्व्ह असतो: पुढचं चिलखत ४ किंवा जास्त असलेल्या रणगाड्यांचं एकच युनिट टेबलावर ठेवता येतं, बाकी सगळे राखीव. शिवाय निदान ४० टक्के गुणांची फौज राखीव ठेवायचेच असतात. त्यात राखीव फौज उशिरा येणारी असेल तर तिसऱ्या टर्नला पहिला फासा मिळतो, आणि ५+ पडला तरच एक युनिट येतं. तिसऱ्या टर्नला हात हलवत बसायची शक्यता तीनात दोन. चौथ्याला दोन फासे, तरीही तोवर काहीच न आल्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के. तेवढ्या वेळात समोरच्याची पायदळं ऑब्जेक्टिव्हवर (जिंकायला धरायच्या जागेवर) पाय रोवून बसलेली असतात.

अटॅक निवडूनही कधीकधी बचाव गळ्यात पडतो, विशेषतः समोरच्यानेही अटॅकच निवडला असेल तर. त्यासाठी यादीत एक मोटर रायफल (पायदळाची) कंपनी हवीच. ती मारणार काही नाही. ऑब्जेक्टिव्हभोवती खंदकात बसेल आणि रणगाडे येईपर्यंत वेळ काढेल. तिच्यावरचे गुण काढून आणखी तीन टी-३४ घेणारे खेळाडू दिसतात. तीन टी-३४ राखीवच राहतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. धुराची सोयही यादीत असू द्या, मॉर्टर किंवा तोफांची एक बॅटरी. मोकळ्या मैदानातून जाताना धूर नसेल तर आधीचा सगळा हिशेब वाया.

कंपन्या किती मोठ्या? दहा-दहाच्या दोन कंपन्या दिसायला दणकट वाटतात, पण फॉर्मेशनमध्ये (युनिटांच्या मुख्य गटात) युनिटं कमी असली की ती लवकर कोसळते. त्यापेक्षा तीन मध्यम बऱ्या. आठ किंवा जास्त रणगाडे एका युनिटमध्ये असतील तर कमांडचं अंतर (नायकापासून किती लांब राहता येतं) ८ इंच, कमी असतील तर ६ इंच. गावातल्या अरुंद गल्लीत किंवा पुलावर हा दोन इंचांचा फरक फार जाणवतो. स्पर्धेतले गुणही याच्याशी बांधलेले आहेत: जिंकणाऱ्याला ८-१, ७-२ किंवा ६-३ यांपैकी काय मिळेल हे त्याने किती युनिटं गमावली यावर ठरतं. एक लहानसं टेहळणी युनिट फुकट मरू दिलं तर जिंकूनही गुण जातो.

ऑर्डर म्हणजे युनिटला दिलेला खास हुकूम; त्यांतल्या ब्लिट्झवर बेत बांधू नका. जमलं तर ४ इंच सरकून थांबल्यासारखे दोन फासे मिळतात, पण सोव्हिएत स्किल (कौशल्य) बेताचं असतं आणि फासा फसतोच. फॉलो मी जास्त कामाचं. त्यात मोटिव्हेशन (मनोबल) बघतात, स्किल नाही. मारता येत नाही पण चार इंच पुढे मिळतात, आणि कडेने जाणाऱ्या कंपनीला तेवढेच हवे असतात. डॅश करताना, म्हणजे पूर्ण वेगाने जाताना, दिसणाऱ्या शत्रूच्या ८ इंचांत शिरता येत नाही, हे समोरच्याला आधीच सांगून ठेवा, नंतर तंटा नको. पायदळावर रणगाड्यांचा असॉल्ट (अंगावर चालून जाणं) करायचा तर हिशेब एकच: बचावाच्या गोळीबारात दोन रणगाडे मेले किंवा बेल आउट झाले की हल्ला थांबला. पँझरफाउस्टवाल्या (हातातल्या रणगाडाविरोधी शस्त्राच्या) ताज्या पलटणीवर तो करू नका. आधी एक-दोन टर्न मशीनगनने झोडपा.

वेळ हा रणगाड्यांच्या मोठ्या फौजेचा दुसरा शत्रू. दीड-दोन डझन रणगाडे एकेक करून उचलले आणि टेपने मोजले तर फेरी चौथ्या टर्नलाच संपते आणि ज्याला लवकर पुढे जायचं होतं तोच अडकतो. कंपनीतला पुढचा रणगाडा मोजा, बाकीचे त्याच्या मागे लावा. फासे कंपनीनिहाय वेगळ्या रंगाचे, १२ मिलिमीटरचे. बेल आउटची चिन्हं सुटी वाटीत तयार. टेबलावरच्या प्रत्येक झाडी-भिंतीबद्दल पहिला फासा पडण्याआधी बोलून घ्या: इथे क्रॉस टेस्ट (अडथळा ओलांडायचा फासा) लागते का, यातून दिसतं का. क्रॉस फसली की रणगाडा तिथेच थांबतो, आणि रांगेतला पहिला अडकला तर मागचे सगळे अडकतात. म्हणून भिंत ओलांडायची तर पसरून ओलांडा.

नेण्या-आणण्याबद्दल. मॉडेल १/१०० प्रमाणात, म्हणजे मीटरला सेंटिमीटर. टी-३४/८५ तोफेसकट आठ सेंटिमीटरच्या आसपास. आधी तोफ मोडते, मग टरेट हरवतो. हलखाली निओडिमियमच्या चकत्या चिकटवा आणि पेटीच्या तळाला लोखंडी पत्रा लावा. चुंबक लोखंडाला धरतो, अ‍ॅल्युमिनियमला नाही. टरेटलाही छोटं चुंबक बसवा, नाहीतर पेटी आडवी झाली की सगळे टरेट एका कोपऱ्यात. विमानाने येणार असाल तर पेटी केबिनमध्ये ठेवा आणि तपासणीला उघडून दाखवायची तयारी ठेवा: रेझिन आणि धातूचा दाट गठ्ठा पडद्यावर विचित्र दिसतो. रंगाचा स्प्रे कॅन विमानात कुठेच चालत नाही. कटर चेक-इनमध्ये, पॉवरबँक केबिनमध्ये. जुलैत बंद गाडीत पेटी ठेवू नका. पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी छापलेल्या तोफा साठ अंशांजवळ मऊ होतात आणि संध्याकाळी जमिनीकडे बघत असतात.

रंगकामासाठी सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघावं. ब्रिटिश फौज रंगवणाऱ्यांना तिथे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल हाताच्या अंतरावर दिसतात. चिखल चाकांपाशी कसा साचतो आणि रंग कुठल्या कडेला आधी उडतो हे फोटोत कळत नाही.

जेवणाचं: सेंटरच्या अगदी जवळ सेंट्रल मार्केट आहे. मंगळवार, शुक्रवार, शनिवार चालू असतं आणि दुपारी लवकर आवरतं, म्हणून पहिल्या फेरीआधी जा. पाव, चीज, फळं घेतली तर शाकाहारी माणसाचा दिवस निघतो आणि दोन फेऱ्यांमधली हॉटेलची रांग वाचते. रविवारी ते बंद असतं, परतीच्या वाटेचं खाणं शनिवारीच घेऊन ठेवा.