जुन्या नाटकाला कात्री लावण्याआधी

हौशी मंडळात जुनं संगीत नाटक करायचं ठरलं की पहिल्याच वाचनाला कुणीतरी पेन्सिल काढतं आणि म्हणतं, ‘हा प्रवेश उडवू, इथे काहीच घडत नाही.’ पाच अंक अडीच तासांत बसवायचे तर कापावं लागणारच, त्यात पाप काही नाही. ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात पहिल्यांदा रंगभूमीवर आलं तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्करांनी सातांपैकी चारच अंक केले होते. पण काय कापायचं हे पुस्तक वाचून कळत नाही. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी नाटक कंपन्यांसाठी लिहीत होते. जिथे रंगमंचावर ‘काही घडत नाही’, तिथे पडद्यामागे पुष्कळ काही घडत असे.

आधी पडद्यांचं बघू. त्या काळची मांडणी रंगवलेल्या पडद्यांची. पुढे रस्त्याचा पडदा, त्यामागे बाग, त्यामागे महाल किंवा देऊळ. पुढच्या पडद्यासमोरच्या चारपाच फुटांत दोघं-तिघं उभ्या-उभ्या बोलत आणि तेवढ्या वेळात मागे मांडामांड होई. म्हणून एक उथळ प्रवेश, मग एक खोल, असा क्रम दिसतो. दोन सेवक, दोन मैत्रिणी किंवा एखादा भटजी येऊन पाच मिनिटं बोलून जातो, तो बहुतेक वेळा मागच्या हातोड्यांचा आवाज झाकायला आलेला असतो. हा प्रवेश कापला की दोन खोल प्रवेश एकमेकांना चिकटतात, मध्ये दीड मिनिटाचा काळोख येतो, आणि काळोखात मराठी प्रेक्षक काय करतो? मोबाइल काढतो.

मग रस्त्याचा प्रवेश ठेवायचाच का? नेपथ्य बदलायचं नसेल तर खुशाल काढा. एकच स्थिर रचना केली, दोन पातळ्या, एक कमान, एक चौरंग, आणि जागा प्रकाशाने बदलली, तर पुढच्या पडद्याचं काम उरत नाही. मात्र नेपथ्य आधी ठरवा, कात्री नंतर. उलट क्रमाने गेलेली मंडळी रंगीत तालमीला येऊन अडकतात आणि कापलेलं परत जोडत बसतात.

नेपथ्याशिवाय आणखी तीन कामं हे प्रवेश करतात.

पहिलं, कपडे. नऊवारी नेसून, अंबाडा घालून, दागिने चढवायला सरावलेल्या हातांनाही सात-आठ मिनिटं लागतात. देवलांच्या ‘शारदा’मधल्या मैत्रिणींच्या थट्टेत किंवा लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताच्या बडबडीत नायिकेला साडी बदलायला सवड मिळते. तो प्रवेश दोन मिनिटांवर आणलात तर शारदा अर्ध्या नेसल्या साडीने विंगेत उभी राहील. उपाय सोपा आहे: बदलायचं पातळ आधीच निऱ्या घालून, कमरेला नाडी लावून शिवून ठेवायचं. मग दोन मिनिटं पुरतात. पण हे वेशभूषेच्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगायला हवं, प्रयोगाच्या आदल्या दिवशी नव्हे.

दुसरं, गळा. लागोपाठ तीन मोठी पदं एकाच गायिकेला आली की तिसऱ्या पदात वरचा षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, पातळ होतो. मूळ नाटकात दोन पदांमध्ये गद्याचा पट्टा असतो, तो विश्रांतीसाठी. गद्य कापून पदं तशीच ठेवली की नेमकं हेच होतं, आणि परीक्षक लिहितात, ‘उत्तरार्धात गायन उतरलं.’ उतरवलं पेन्सिलीने.

तिसरं काम प्रेक्षकांचं. नांदी, म्हणजे सुरुवातीचं मंगलगीत, आणि सूत्रधार-नटीचा प्रवेश हा उशिरा येणाऱ्यांना बसवून घेण्याचा वेळ. तो पार काढू नका. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ एवढं म्हणून पडदा उघडला तरी लोक स्थिरावतात. नांदी अडीच-तीन मिनिटं, सूत्रधार-नटी दोन मिनिटं, बस. तिसरी घंटा झाल्या-झाल्या थेट कथानकात उडी मारली तर पहिली चार वाक्यं खुर्च्यांच्या आवाजात जातात, आणि जुन्या नाटकात कोण कुणाचा कोण हे त्याच चार वाक्यांत सांगितलेलं असतं.

आता हिशेब. अडीच तासांत पंधरा मिनिटांचं मध्यांतर, म्हणजे हाती 135 मिनिटं. नांदीची तीन गेली, प्रवेश बदलायला आठ वेळा अर्धा मिनिट म्हणजे चार गेली. चौदा पदं धरा. त्यातली चार मोठी, प्रत्येकी सहा मिनिटं; उरलेली दहा, प्रत्येकी अडीच. झाली 49 मिनिटं. गद्याला उरली 79. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाचं एक पान रंगमंचावर साधारण सव्वादोन मिनिटं घेतं, म्हणजे पस्तीस पानं. मूळ संहिता याहून खूप मोठी आहे. हा आकडा आधी कागदावर मांडा आणि मंडळाच्या भिंतीवर लावा. त्यामुळे ‘माझं एवढं वाक्य राहू दे ना’ हा संवाद बराच कमी होतो. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सलग तालीम घ्या. तुकड्या-तुकड्यांनी मोजलेली बेरीज नेहमी कमी भरते, कारण हशा, टाळी आणि ये-जा त्यात धरलेली नसते. ‘वन्स मोअर’चं आधीच ठरवून ठेवा. स्पर्धेत तो घेऊच नये. एरवी फक्त अंतरा पुन्हा म्हणावा, सबंध पद नव्हे.

पदं कापताना सगळ्या नाटकांना एकच माप लावता येत नाही. किर्लोस्कर-देवलांच्या नाटकात साकी आणि दिंडी या वृत्तांतली छोटी पदं भरपूर आहेत. साकीची ओळ 16 आणि 12 अशी 28 मात्रांची, दिंडीची 9 आणि 10 मिळून 19. ही पदं म्हणजे संवादच; अर्ध्या मिनिटात संपतात आणि गोष्ट पुढे नेतात. वेळ वाचवायला हीच आधी उडवली जातात, आणि तिथे चूक होते. पाच दिंड्या कापून मिळतात अडीच मिनिटं, पण मधली उत्तरं जातात आणि संवाद लंगडा होतो. साकी-दिंडी आलाप न घेता, बोलता-बोलता म्हणा, तबल्याची वाट बघू नका. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (1911) आणि ‘स्वयंवर’ (1916) यांचं गणित उलटं. तिथे चाली राग-बंदिशींच्या अंगाने जातात. भास्करबुवा बखल्यांनी ‘नाथ हा माझा’ यमनात आणि ‘मम आत्मा गमला’ बिहागात बांधलं. असं पद दीड मिनिटात आटपलं तर त्याचा जीवच जातो. तिथे पदांची संख्या कमी करा आणि राहिलेल्यांना जागा द्या. सहा पूर्ण पदं बारा अर्धवट पदांपेक्षा बरी.

पट्टीचा घोळ दरवेळी होतो. पुरुष पेटीच्या काळी एक किंवा काळी दोनमध्ये मोकळा गातो, स्त्री काळी चार किंवा पाचमध्ये. जुन्या नाटकात स्त्रीभूमिकाही पुरुष करत असल्याने दोघांचं गाणं एका पट्टीत निभावत असे. आज नायक-नायिकेचं सवाल-जवाबाचं पद एकाच पट्टीत लावलं की एकाचा तरी गळा तुटतो. मधली तडजोड, म्हणजे पांढरी चार वगैरे, दोघांनाही नकोशी होते. त्यापेक्षा दोघांच्या कडव्यांमध्ये दोन वाक्यं गद्य ठेवा, ऑर्गनवाल्याला तेवढ्यात नवा षड्ज धरता येतो. तबलजीकडे दोन दाये, म्हणजे उजव्या हाताचे तबले, हवेत, एक खालच्या पट्टीचा, एक वरच्या. एकच तबला ठोकून पट्टी बदलणं प्रयोगात जमत नाही. वातानुकूलित नाट्यगृहात हवा कोरडी होऊन पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणते आणि सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. म्हणून मध्यांतरात तबला पुन्हा लावून घ्यायचा, चहा नंतर.

ऑर्गन जुना असेल तर पायटे करकरतात. एरवी लक्षात येत नाही, पण रंगमंचाच्या कडेचे माइक तो आवाज इमानदारीने उचलतात. सांध्यांना थोडं मेण चोळा आणि खाली सतरंजीची घडी घाला. ऑर्गन-तबल्याची जागा पूर्वीसारखी रंगमंचासमोर खाली ठेवलीत तर गायकाला सूर नीट मिळतो. विंगेत ढकललात तर गायकाच्या बाजूला एक छोटा स्पीकर लावावाच लागतो, नाहीतर तो सूर शोधत सारखा विंगेकडे बघत राहतो.

गद्याकडे वळू. गडकऱ्यांचं वाक्य लांब, अनुप्रासाने लगडलेलं. त्यातले शब्द कमी करून ते ‘सोपं’ करू नका. कापायचं तर अख्खं वाक्य काढा. अर्धं ठेवलेलं गडकऱ्यांचं वाक्य नुसतं जड वाटतं, कारण शेवटची कोटी गेलेली असते आणि चढण तेवढी उरलेली असते. नटाच्या प्रतीत श्वासाच्या जागा उभ्या रेघेने दाखवा. बारा-पंधरा शब्दांमागे एक श्वास, आणि तो क्रियापदाच्या आधी कधीच नाही.

‘एकच प्याला’चंच घ्या. दारुडा तळीराम आणि त्याच्या आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश विनोदी, म्हणून ‘मूळ गोष्टीशी संबंध नाही’ असं समजून ते छाटले जातात. मग पहिल्या अंकात पहिला प्याला घेतलेला नायक सुधाकर पुढच्या प्रवेशात थेट उद्ध्वस्त दिसतो, आणि प्रेक्षकाला वाटतं माणूस आठवड्यात बुडाला. मधला काळ तळीरामाच्या टोळीने भरलेला आहे. तिथे हसलेल्या प्रेक्षकालाच पुढे त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या घरात गेल्यावर गप्प व्हायचं असतं. मंडळाचा एक प्रवेश गाळला तर चालतो, सगळे गाळले तर नाटक शोकगीत होतं.

सिंधू दळते त्या प्रवेशात खरं जातं आणण्याचा मोह सगळ्यांना होतो. आणा, पण रंगमंचाची फळ्यांची जमीन ढोलासारखी वाजते, आणि घरघरीत तिचे शब्द बुडतात. खाली गोणपाटाच्या दोन घड्या, त्यावर जातं. मधल्या खिळीत चामड्याची चकती घालून वरची तळी केसभर उचलून घ्या, म्हणजे दगडावर दगड घासत नाही. आवाज उरतो तो खुंट्याचा आणि बांगड्यांचा. धान्य मूठभरच. पीठ उडालं तर पुढच्या प्रवेशात कुणीतरी घसरतं.

‘शारदा’त उलटी अडचण आहे. म्हातारा नवरदेव भुजंगनाथ आणि कांचनभटाची मुलगी शारदा सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे निघतात, आणि तसं लग्न निषिद्ध म्हणून ते मोडतं. 1899 च्या प्रेक्षकाला याचं गांभीर्य समजावून द्यायची गरज नव्हती. आजच्या विशीतल्या मुलाला गोत्र म्हणजे आडनावाचा काहीतरी प्रकार वाटतो. तिथे कापू नका, उलट आधीच्या अंकात गोत्राचा उल्लेख ठळक करून घ्या. मूळ संवादातलंच वाक्य थोडं पुढे आणलं की पुरतं, नवं लिहायला लागत नाही. मोबाइल, कर्जमाफी, मॅट्रिमोनी साइट असले ताजे विनोद भद्रेश्वराच्या तोंडी घालायची नटांना फार हौस असते. पहिल्या प्रयोगाला हशा मिळतो आणि दुसऱ्यापासून तो नट पुढचं मूळ वाक्य विसरतो.

हक्कांची बाब थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. देवल 1916 मध्ये गेले, गडकरी 1919 मध्ये, खाडिलकर 1948 मध्ये. त्यांची नाटकं खुली आहेत. मामा वरेरकर 1964 मध्ये गेले, त्यांची 1 जानेवारी 2025 पासून मोकळी झाली. अत्रे 1969 मध्ये गेले, म्हणजे 2029 अखेरपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या. शिरवाडकरांसाठी 2059 पर्यंत. पदांचा कवी वेगळा असला तर त्याची तारीख वेगळी मोजायची: ‘एकच प्याला’ची पदं गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची आहेत. संगीतकाराचंही तसंच. ‘कट्यार काळजात घुसली’ला दारव्हेकरांच्या संहितेबरोबर अभिषेकीबुवांच्या संगीताचीही परवानगी लागते. आणि देवल खुले असले तरी कुणी अलीकडे केलेली त्यांची संक्षिप्त रंगावृत्ती खुली नसते. मूळ पुस्तकावरून स्वतः कापा. हौशी संस्थेने विनातिकीट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे, पण देणगी प्रवेशिका छापल्या की ती सूट गृहीत धरू नका. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यायची, ती कापून झालेली द्या.

गोव्यात देवस्थानाच्या जत्रेत रात्रभर प्रयोग चालतो, तिथे यातलं अर्धंअधिक लागू नाही. तिथला प्रेक्षक पदाला बसलेला असतो. गद्य कापलंत तर चालेल, पण अंतरा गाळलात तर समोरून हाक येईल.

शेवटची प्रत तयार झाली की कापलेला मजकूर खोडून टाकू नका, फिक्या रंगात राहू द्या. प्रॉम्प्टरच्या हातात हीच प्रत हवी. ऐन प्रयोगात नट तीन महिन्यांपूर्वी कापलेलं वाक्य बोलून जातो, हे हमखास घडतं. तेव्हा पुढचं कुठलं वाक्य द्यायचं, हे फक्त त्या फिक्या ओळी बघूनच समजतं.