पहिली बाजू चढी आहे

दर रविवारी संध्याकाळी आमच्याकडं विश्रामबागेत सहा-सातजण जमतो, प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची, आठवडाभर घरात जी सारखी वाजत होती ती, आणि तीच का वाजत होती ते सांगायचं, एवढा एकच नियम. जॅझच पाहिजे असं काही नाही पण निघते जॅझच. पुण्याचे पाहुणे विचारतात सांगलीत कोण ऐकतं हे, तर ऐकतात, बँकेतले एक जण आहेत, हळदीच्या पेढीवरचे एक आहेत, तबल्याचे सर आणि त्यांचा एक विद्यार्थी, आणि मामा. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, नोकरीची बरीच वर्षं मुंबईत काढली आणि पगारातनं जे उरायचं त्याच्या जुन्या रेकॉर्डी घ्यायचा.

गेल्या रविवारचं लिहायचंय कारण तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीये.

मामानं आणली होती ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. म्हणजे कव्हर नाही, साध्या खाकी कागदाच्या पाकिटात, वर मामाच्या अक्षरात नाव. त्याचं घर गावभागात, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा रेकॉर्डी खालच्या कप्प्यात होत्या. पाणी उतरल्यावर गेलो तर कव्हरांचा अक्षरशः लगदा झालेला, पण तबकड्या चांगल्या होत्या, नुसत्या गाळानं भरलेल्या. मी, मामा आणि मामी, तिघांनी दोन दिवस नळाखाली एकेक कडेनं धरून धुतली, भांड्याच्या जाळीत उभ्या करून सावलीत वाळवल्या, उन्हात ठेवली तर वाकते म्हणून सावलीत. काहींची मधली लेबलंपण निघून गेली होती, त्या कुठल्या ते लावून बघितल्यावरच कळलं. मामा पहिल्या दोन-तीन सेकंदात नाव सांगायचा आणि मामी पाकिटावर लिहायची. ही मात्र त्यानं स्वतः लिहिली.

तर त्या दिवशी तबल्याचे सर मिरजेहून त्यांच्या ओळखीच्या चाचांना घेऊन आले होते. सतारमेकर गल्लीतले, तंबोऱ्याची जवारी लावण्यात, म्हणजे तारांचा आवाज झंकारता करण्यात उभा जन्म गेलेला माणूस. जॅझ पहिल्यांदाच ऐकत होते. चहा झाला, भडंग झालं, मामानं सुई ठेवली.

पहिलं 'सो व्हॉट'. सुरुवातीला पियानो आणि बास जरा चाचपडल्यासारखं वाजवतात, मग बासच मुखडा घेतो आणि बाकीचे त्याला दोन सुरात उत्तर देतात. चाचा डोळे मिटून बसलेले, थोड्या वेळानं म्हणाले "काफी आहे की हा." आणि बरोबर आहे, काफी रागाचेच सूर, गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध, तिकडं त्याला डोरियन म्हणतात. सोळा मात्रा नव्हे, सोळा बार (चार मात्रांचा एक बार) तेच चालतं, आणि मग अख्खं प्रकरण अर्धा सूर वर सरकतं, आठ बार, आणि परत खाली. तिथं चाचांनी डोळे उघडले. "सा कुठं नेला यांनी?" मी इतकी वर्षं ऐकतेय पण हे असं मला कधी वाटलं नव्हतं, की सा च उचलून नेलाय. मला ते नुसतं 'मधला भाग' वाटायचं.

मग ड्रमवाल्या जिमी कॉबची ती झांज येते, माइल्सचा ट्रम्पेट सुरू होतो तिथं, एकदाच जोरात, आणि ती कितीतरी वेळ विरत राहते. सगळे गप्प झाले. तिथं दर वेळी गप्प होतातच.

बाजू संपल्यावर चाचा मामाला म्हणाले, "साहेब, मशीन पळतंय तुमचं." मामा म्हणाला नाही हो, परवाच बेल्ट बदललाय. "मग पेटी आणा."

पेटी काढली. चाचांनी परत 'सो व्हॉट' लावायला सांगितलं आणि पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी दाबली. बसेना. काळी दोन दाबली, तीपण बसेना. रेकॉर्डचा सा दोघींच्या बरोब्बर मध्ये. "अशी पट्टी कुणी लावत नसतं, हे काहीतरी चढलंय" म्हणाले.

आता मशीन तपासायची एक साधी पद्धत आहे, एलपीचा वेग मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. लेबलवर कागदाची चिठ्ठी चिकटवली, मी मोबाइलवर वेळ लावला, मामा मोठ्यानं मोजायला लागला. शंभर. परत मोजले, परत शंभर. मशीनचा काही दोष नाही. मग मामानं रेकॉर्ड पालटली, 'ऑल ब्लूज' लावलं, चाचांनी पांढरी पाच दाबली आणि ती अशी चपखल बसली की पेटी कुठली आणि रेकॉर्ड कुठली कळेना. म्हणजे एकाच तबकडीची एक बाजू चढी आणि एक बाजू सुरात!

तोवर तबल्याच्या पोराला आठवलं की त्याच्याकडं नंतर निघालेली सीडी आहे. घर जवळच, गाडीवर जाऊन घेऊन आला. सीडीवर 'सो व्हॉट' लावलं, पांढरी दोन, बसली.

कारण मग त्या सीडीच्या पुस्तिकेतच सापडलं. रेकॉर्डिंग दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाचा ३० व्या स्ट्रीटवर स्टुडिओ होता, आधी चर्च असलेली इमारत, तिथं. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्चची. त्या दिवशी मुख्य टेपचं मशीन थोडं सावकाश फिरत होतं, सावकाश फिरलेली टेप नंतर बरोबर वेगानं वाजवली की सूर चढणारच. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिथं काही गडबड नाही. बाजूला जोडीला दुसरं मशीन चालू होतं ते बरोबर वेगात होतं, त्या टेपवरून १९९२ मध्ये पहिली बाजू दुरुस्त करून काढली. म्हणजे तेहतीस वर्षं जगभर सगळ्यांनी पहिली बाजू चढीच ऐकली, लोकांनी त्याच्याबरोबर वाजवून रियाज केले असतील, आणि पेटीवर कधी बसलीच नसेल त्यांना. आणि आमच्याकडं मिरजेच्या माणसानं पहिल्या ऐकण्यात पकडलं. मला फार अभिमान वाटला, खरंच.

मामा मात्र गप्पच होता. त्यानं सीडीवर परत लावायला सांगितलं, पूर्ण ऐकलं, आणि म्हणाला "अगं, पॉल चेंबर्स किती दमानं वाजवतोय." तेव्हा तो बासवाला फक्त २३ वर्षांचा होता, २२ एप्रिलच्या सेशनला चोवीस पूर्ण झाली, वाढदिवसच त्या दिवशी. आणि ३३ व्या वर्षी गेलासुद्धा. मामा म्हणाला चाळीस वर्षं मला तो घाईत वाटायचा, त्याची काही चूकच नव्हती. मग पाकीट घेतलं आणि त्याच्यावर नावाखाली पेननं लिहिलं, 'पहिली बाजू चढी'.

परत जाताना बँकवाले म्हणत होते की ज्याला जी सवय त्याला तीच खरी. मला नाही पटत. रेकॉर्डवरच्या त्या सहा-सात वादकांनी जी पट्टी लावली होती तीच खरी, त्यांनी जेवढा वेळ घेऊन फुंकलं तेवढाच वेळ आपणही द्यायचा. दुरुस्त केलेल्यात झांज जास्त वेळ विरते, पियानोवाल्या बिल इव्हान्सच्या दोन सुरांमधली जागा मोकळी होते, हे कानाला लगेच कळतं. मामाची तबकडी मी जपणारच, पण ऐकायची असेल तर आता सीडी.

बाकी त्या दिवशी काय काय वाजलं ते थोडक्यात. तबल्याच्या पोरानं डेव्ह ब्रुबेकची 'टाइम आउट' आणली होती, तीपण १९५९ चीच. 'टेक फाइव्ह'चे पाच म्हणजे अर्धा झपताल असं त्याचं म्हणणं, सर म्हणाले नाही, झपताल दोन-तीन जातो आणि हे तीन-दोन जातंय, नीट टाळी देऊन बघ. त्याच्यातल्या 'ब्लू रोंडो'ची नऊ मात्रांची दोन-दोन-दोन-तीन सगळ्यांनी मिळून टाळीवर धरली, मामीनंसुद्धा. मामीला जॅझ फारसं आवडत नाही पण 'अलबेला'तली गाणी लावली की येऊन बसते, सी. रामचंद्रांचं संगीत आणि ट्रम्पेट गोव्याच्या चिक चॉकलेटचा, मुंबईत जॅझ गाजवलेला माणूस.

मी आणली होती बिल इव्हान्सची व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधली. २५ जून १९६१, रविवार, समोर लोक खातायत पितायत, ग्लासांचे आवाज मध्ये मध्ये येतात, आणि स्कॉट लाफारोचा बास पियानोच्या मागनं न चालता बरोबरीनं बोलतोय. अकरा दिवसांनी तो गाडीच्या अपघातात गेला, २५ वर्षांचा. महिनाभर मी दुसरं काही लावूच शकलेले नाही. चाचांना ती सगळ्यात जास्त आवडली, म्हणाले लोकांचा आवाज आहे ते चांगलंय, दर्ग्यात उरुसाला चिंचेखाली गाणं होतं तेव्हा असंच असतं, कुणाचं पोर रडतं, कुणी उठून जातं, आणि गाणाऱ्याला त्याचं काही नसतं.

आणि निघताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी जे विचारलं ते तर मला झोपू देत नाहीये. खाँसाहेबांच्या रेकॉर्डी. गायक अब्दुल करीम खाँ, १९३७ मध्ये गेले, मिरजेच्या दर्ग्यातच त्यांची कबर आहे. त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांत आवाज इतका उंच लागतो, तो खरंच तेवढा होता का? त्या काळच्या तबकड्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतात पण भरताना सगळ्या काही नेमक्या ७८ वर भरलेल्या नसायच्या. कमी वेगानं भरली असेल आणि आपण ७८ नं वाजवत असू तर तीपण चढीच की. चाचांच्या घरात वडिलांपासूनची एक आहे. येत्या रविवारी घेऊन येतायत, पेटी मी आजच पुसून ठेवलीये.

अडचण एकच, मामाच्या मशीनला ७८ चा वेग आहे पण सुई एलपीची आहे आणि जुन्या तबकडीची खाच रुंद असते, त्या सुईनं लावायचा धीर होत नाही. सांगली-मिरजेत कुणाकडं ७८ ची सुई असेल तर रविवारच्या आत कळवा, आणि स्वतः घेऊन आलात तर उत्तमच, चहा-भडंग आहेच.